एका चुकीच्या पानासाठी शिरगावला

इंदूताईंचा फोन आला. "गाडी घेऊन चिंचणीला ये. मला शिरगावला जायचंय," एवढंच म्हणाल्या.

इंदूताई म्हणजे आमच्या ओळखीतली विमान चालवणारी पहिली बाई. पुढे त्यांनी मुलींना उड्डाण शिकवलं आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. ते मी सोळाव्या वर्षी वाचलं आणि त्यांना पत्र धाडलं. तेव्हापासूनची ओळख. आता त्या पंच्याऐंशीच्या आहेत, म्हणून कारण न विचारताच निघाले.

ठाण्याहून महामार्गाने चिल्हार फाटा, तिथून डावीकडे बोईसर. कंटेनरच्या रांगा लागतात, त्यामुळे सातच्या आत निघालेलं बरं. बोईसरला चहा-वडापाव उभ्यानेच उरकला. पुढे काचा बंद करूनही कारखान्यांचा वास गाडीत शिरलाच. समुद्राच्या बाजूला आभाळ राखाडी होतं.

चिकूच्या वाडीत इंदूताई चपला घालूनच बसल्या होत्या. शिरगाव पालघरवरून, तासाभराहून जास्त लांब. पाम गाव मागे पडल्यावर त्या बोलू लागल्या.

शिरगावची मालती त्यांची विद्यार्थिनी होती. पहिल्यांदा एकटीने उडाली आणि विमान कोसळून गेली. पुस्तकात तिच्यावर एक पान आहे. घाबरून तिने चुकीचं वळण घेतलं, असं त्यात लिहिलंय. ते पान वाचून मी रडले होते.

त्या दिवशी सकाळी तेच विमान इंदूताईंनी चालवलं होतं. इंजिन दोनदा अडखळलं होतं. नोंदवहीत लिहिलं असतं तर उड्डाण रद्द झालं असतं, आणि ते पाहायला बाहेरून पाहुणे आले होते. इंदूताईंनी लिहिलं नाही.

"वळण तिने बरोबरच घेतलं होतं," त्या म्हणाल्या. मी गाडी बाजूला घेतली.

शिरगावात किल्ल्याच्या अलीकडे मालतीची धाकटी बहीण यमुनाबाई राहतात. त्यांनी पाणी दिलं, खुर्च्या पुसल्या. इंदूताईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. यमुनाबाई ऐकताना ओसरीवरची सुकट चाळत राहिल्या. मग त्यांचा हात थांबला.

"आता कशाला सांगतीस? आय गेली. पोरीनं आपल्या चुकीनं जीव घालवला, असं लोक बोलायचे. आयनं लग्नाकार्याला जायचं सोडलं. तुजं पुस्तक शाळेतल्या मास्तरांनी आमच्या घरी वाचून दाखवलेलं."

इंदूताईंनी हात जोडले. यमुनाबाईंनी ते खाली घेतले नाहीत. आम्ही निघताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माफी मला नको. लिवलंय ना तिनं? मग तसंच लिवून खोडा."

तुम्ही गेलात तर किल्ला जरूर पाहा, सुरूच्या बनाला लागूनच आहे. आम्ही पाहिला नाही. पालघरला मासळीच्या थाळ्या मागवल्या, त्या जवळजवळ तशाच परत गेल्या.

घरी येऊन प्रकाशकांना फोन केला. नवी आवृत्ती निघणार नाही, म्हणाले. म्हणजे उरली ही माझ्या प्रवासाच्या ब्लॉगची जागा. तरी आठ दिवस मी लिहिलं नाही. त्या पुस्तकाच्या जोरावर मी घरच्यांशी भांडून शिकले होते.

काल इंदूताईंनी फोनवर विचारलं, "टाकलंस?"

"नाही. लोक तुम्हाला काय म्हणतील?"

"ते मालतीच्या आईने ऐकलंय. आता मला ऐकू दे."

मालतीने वळण बरोबर घेतलं होतं.