दोघांपुरता कुकर

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ऑफिसात जिच्यासोबत रोज डबा खाते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे ते एवढ्यासाठी, की तुम्ही मला ओळखत नाही. आणि दुसरं म्हणजे, गेल्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या एका नव्याने लग्न झालेल्या मुलीने मला विचारलं — ताई, तुमचं रात्रीचं जेवण इतकं नेमकं कसं होतं हो? उरतही नाही आणि कमीही पडत नाही.

मी तिला सगळं शिकवलं. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, हळद-हिंग, छोटा कुकर, वरून लसणाची फोडणी, सोबत पातळ कढी. एक दिवस पिठलं-भाकरी. एक दिवस शेवभाजी, तीही तिखट बेताचं घालून. दोन माणसांना यापेक्षा जास्त काय लागतं? तिने मोबाईलवर लिहून घेतलं आणि खूश होऊन गेली. हे प्रमाण माझ्या हातात इतकं पक्कं कधी बसलं, ते मात्र तिला सांगितलं नाही.

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, दुसऱ्या मजल्यावर. नवरा, सुनील, अंबडच्या एका कारखान्यात आहे, मी एका ऑफिसात क्लार्क. मूल नाही, तो विषय वेगळा आहे आणि त्याचा मी इथे आडोसा घेणार नाही. लग्नानंतर बरीच वर्षं आम्ही भाड्याच्या खोलीत जमिनीवर पेपर पसरून जेवलो. हा फ्लॅट घेतला तेव्हा खिडकीशी एक लहानसं टेबल घेतलं, दोन खुर्च्यांचं. संध्याकाळी आठच्या सुमाराला आम्ही तिथे समोरासमोर बसायचो. दिवसभरात आमच्या दोघांचं असं तेवढंच होतं. मला ते फार आवडायचं. साधं वाक्य आहे, पण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मग सासूबाई गेल्या आणि आबा, माझे सासरे, गावी नामपूरच्या घरात एकटे उरले. शेत त्यांचा पुतण्या बघत होता. सुनील म्हणाला, आता आबा आपल्याकडेच राहतील. मी म्हटलं, हो, मग काय. अगदी मनापासून म्हटलं होतं.

तुम्हाला वाटेल, म्हातारा त्रासदायक असेल. नव्हता. स्वतःचं अंथरूण स्वतः गुंडाळायचे, चहाचा कप विसळून ठेवायचे, टीव्हीचा आवाज इतका बारीक ठेवायचे की मीच म्हणायचे, आबा, वाढवा थोडा. त्यांच्याविरुद्ध सांगण्यासारखं माझ्याकडे काहीही नाही. शोधलं होतं मी, नाही असं नाही.

मग काय खुपलं? टेबलाला तिसरी खुर्ची मावत नव्हती. मी प्लास्टिकचं स्टूल ओढून कोपऱ्यावर बसू लागले. कुणी बसवलं नाही, माझी मीच बसले. आणि ते दोघं बोलायचे. अहिराणीत. माझं माहेर नाशिकरोडचं, मला ती बोली निम्मीच कळते. नामपूरच्या बाजारात कांद्याला काय भाव निघाला, कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाची विहीर आटली. सुनील माझ्याशी बोलताना कधी हसत नाही असं हसायचा. माझ्याच टेबलावर दोघं जेवत होते आणि मी वाढत होते. याला मत्सर म्हणायचं का? म्हणा. मी नाही म्हणणार नाही.

आता आबांची एक सवय सांगायला हवी. ते दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधी भांड्यात डोकावायचे. त्यांच्या लहानपणी घरात बायका शेवटी जेवायच्या, आणि त्यांनी त्यांच्या आईला खरवड खाऊन पाणी पिताना पाहिलं होतं. तेव्हापासून वाढणारीला उरलंय की नाही हे बघितल्याशिवाय ते हात पुढे करायचे नाहीत. लग्न झाल्या झाल्या सुनीलने मला हे कौतुकाने सांगितलं होतं.

म्हणजे मला हे माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

मी छोट्या कुकरातच स्वयंपाक करत राहिले. तीच एक वाटी, तीच अर्धी वाटी. पहिले काही दिवस खरोखर सवयीने. मग एका संध्याकाळी आबांनी भांड्यात पाहिलं, आणि पुढे केलेलं ताट मागे घेतलं. मला ते दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेवढंच केलं. त्या दिवसापासून ती सवय नव्हती.

मी आग्रह करायचे, बरं का. आबा, घ्या ना अजून, लाजू नका. आणि हे म्हणताना डाव भांड्याच्या तळाला घासायचे, म्हणजे आवाज व्हायचा. सुनीलला माझा आग्रह ऐकू यायचा, आबांना डावाचा आवाज. दोघांनाही जे ऐकू जावं असं मला वाटत होतं तेच जात होतं. सुनीलला काही कळलं नाही, कारण कारखान्यातून निघताना तो कॅन्टीनला खाऊन येतो. मी ऑफिसात पाच वाजता भेळ नाहीतर पोहे खायचे. रात्री हलकं जेवावं हे आमच्या दोघांचं ठरलेलंच होतं. दिवसभरात शेजारच्या बागेत चार चकरा मारून आलेला, हाडापेराने मोठा, उभा जन्म भाकरीवर काढलेला एकटा माणूस त्या टेबलावर भुकेला असायचा.

दुपारचं मात्र झाकून ठेवलेलं असायचं — तीन पोळ्या, भाजी, आमटी. दुपारी मी काही कमी केलं नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं आहे. त्याने काय होतं? काही होत नाही.

एकदा जेवताना सुनील म्हणाला, अगं, मोठा कुकर काढ की माळ्यावरचा. तो माझ्या आईने लग्नात दिलेला, पाहुणे आले की निघायचा. मी म्हटलं, त्याची रिंग गेलीय. इतकं सहज निघालं तोंडातून. रिंग चांगली होती. आणते कधीतरी नवी, असंही वर म्हटलं.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी ऑफिसातून येत होते. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, तुमचे सासरे मोठे हौशी हो. दुपारी भांड्यांच्या दुकानात भेटले, कुकरचं झाकण घेऊन आले होते. दुकानदार म्हणाला, बाबा, ही रिंग अगदी चांगली आहे, उगाच दुसरी कशाला घेता? काकू हसत होत्या. मी पण हसले.

घरात आले. कुकर माळ्यावर जागच्या जागी होता. आबा टीव्हीसमोर बसले होते. मला पाहून नेहमीसारखे उठले, पंखा लावला. मी वाट बघत होते — आता काहीतरी विचारतील. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. त्यांनी विचारलं नाही. सुनील आला, मी ताटं घेतली, तेव्हा ते जागेवरून न उठता म्हणाले,

"माले रातले आते भूक लागत नही, माय. तुम्हीन दोन्ही जेवी ल्या."

रात्री आता भूक लागत नाही, तुम्ही दोघं जेवून घ्या. मला 'माय' म्हणाले. एवढी अहिराणी मला कळत होती.

त्या क्षणी मी स्टुलावर चढून कुकर खाली काढू शकले असते. तेवढंच तर करायचं होतं. कुणी काही बोललं नसतं, विषय तिथेच संपला असता. मला काय वाटलं सांगू? सुटले असं वाटलं. पकडली गेले, आणि तरी कुणी ओरडलं नाही. उलट मला हवं होतं ते मिळालं. मी स्टूल बाजूला सरकवलं आणि खुर्चीवर बसले.

सुनीलने काळजी केली. डॉक्टरकडे नेलं, डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं, वजन थोडं बघत राहा. मग आबा आमच्या जेवणाच्या वेळी खाली बागेत जाऊन बसू लागले. आम्ही पुन्हा समोरासमोर जेवू लागलो. खिचडी, कढी, पापड. चव तीच होती. तेव्हा घास घशात अडकत असे, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण तसं काही होत नव्हतं. मी पोटभर जेवत होते.

एका रविवारी त्यांचा सदरा धुवायला घेतला तर खिशात फुटाण्यांची टरफलं निघाली. मूठभर तरी असतील. मी ती बेसिनच्या कडेला झटकली, मशीनमध्ये सदरा टाकला आणि बटण दाबलं. पुढच्या वेळेपासून खिसे आधीच रिकामे केलेले असायचे. म्हणजे त्यांनाही कळलं होतं, की मला कळलं आहे. आम्ही दोघं मिळून सुनीलपासून एकच गोष्ट लपवत होतो. त्यांनी ती का लपवली? मुलाच्या संसारात आपल्यामुळे वाकडं येऊ नये म्हणून. मी का लपवली ते तुम्हाला दिसतंच आहे.

दिवाळी झाल्यावर आबा म्हणाले, मला गावी सोडून ये. सुनीलने खूप विनवलं. मीही विनवलं — हो, मीसुद्धा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले की, शहर मानवत नाही पोरी, बाकी तुझ्याकडे काही कमी नव्हतं.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही नामपूरला गेलो. तिकडे या सणाला घर भरलेलं असतं. पुतण्याची बायको, माझी चुलत जाऊ कल्पना, संध्याकाळी चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. आबा भिंतीला टेकून जेवत होते. समोर वांग्याचं भरीत, हातात भाकरी. ती संपली तशी कल्पनाने न विचारता दुसरी टाकली, मग तिसरी. ते भांड्यात डोकावत नव्हते. टोपलीत भाकरींची चवड होती, डोकावायची गरजच नव्हती. सुनील बघत राहिला. हसून म्हणाला, आबा, तुम्हाला तर रात्री भूक लागत नव्हती ना?

आबांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं.

"गावनं पानी शे, बेटा," ते म्हणाले. "आठे भूक लागस."

गावचं पाणी आहे, इथे भूक लागते. सगळे हसले. कल्पना हसली, सुनीलला बरं वाटलं. आणि मी? मी म्हटलं, खरंच हं, गावच्या पाण्याची गोष्टच वेगळी. त्यांनी माझ्यासाठी खोटं बोलावं आणि मी त्याची री ओढावी, इतकी मी तयार झाले होते. मग आबांनी ताटावर आडवा हात धरला आणि कल्पनाला म्हणाले, बस.

भूक होती त्यांना अजून. मी समोर होते म्हणून ते उठले.

आबा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. सकाळी पुतण्याचा फोन आला की छातीत दुखतंय, सटाण्याला दवाखान्यात नेतोय. आम्ही निघालो. आम्ही पोचेपर्यंत ते गेले होते. नाशिकला असते तर वाचले असते का? माहीत नाही. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मोठं हॉस्पिटल आहे, एवढं माहीत आहे.

दहाव्याला बायका मला म्हणाल्या, तू केलंस बाई त्यांचं, शेवटपर्यंत तुझं नाव चांगलंच काढत होते. मी मान खाली घातली. दुःखात बाई मान खालीच घालते, त्यामुळे ते कुणाला वेगळं वाटलं नाही.

सगळं आटोपून परत येताना सुनील गाडी चालवत होता. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "मी त्यांना हट्टाने थांबवून घ्यायला हवं होतं. मीच कमी पडलो." त्याचा आवाज फाटला होता. तेव्हापासून तो हे अधूनमधून बोलतो. आबांचा वाढदिवस असला की, कुणाचे वडील लिफ्टमध्ये दिसले की. त्याने ते स्वतःवर घेतलं आहे, आणि तो ते आयुष्यभर वाहणार आहे.

मी त्या दिवशी गाडीत म्हटलं, "तुझा काही दोष नाही." खरं होतं ते. त्याच्या पुढचं वाक्यही माझ्यापाशी तयार होतं. मी ते बोलले नाही. अजून बोललेले नाही.

ते वाक्य असं आहे — ते निघून जावेत म्हणून मी तुझ्या वडिलांना रात्री उपाशी ठेवत होते.