पाठकोरी पानं

जुन्या निकालाची नक्कल हवी होती, म्हणून काल कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले. तिथल्या कारकून शेवंताबाई स्कॅनरपाशी बसल्या होत्या. फायलीचा दोरा कापायचा, पान काचेवर ठेवायचं, मग ते उलटून कोरी पाठही स्कॅन करायची, असं त्यांचं चाललं होतं.

मी वकील. तारखांवर तारखा घेणारी. पण काल मलाच घाई. म्हटलं, "बाई, कोऱ्या बाजूवर कशाला वेळ घालवता?"

त्यांनी एक पान माझ्यापुढे धरलं. जबाबाखाली अंगठा होता आणि मागे जांभळा फराटा. शाई पुसायला कुणी चिंधी दिली नसणार. त्या माणसाने कागदाच्या पाठीलाच बोट पुसलं होतं.

"हे कोरं आहे का, मॅडम?"

उभा जन्म मी अंगठ्याच्या ठशांवर वाद घातले. अंगठा दिल्यावर माणूस त्या हाताचं काय करतो, ते कधी पाहिलं नाही. स्कॅन झाले की उद्या हे कागद नष्ट केले जातील. पडद्यावर उतरलं तेवढंच कोर्टाला माहीत असेल.

"पण एवढे गठ्ठे तुमच्या नोकरीत संपायचे नाहीत."

"नाही संपणार. माझ्यानंतर दुसरी बसेल." त्यांनी पुढचा दोरा कापला.

दुपारी माझ्या फायलीची पाळी आली. पहिलं पान उलटून त्या म्हणाल्या, "हे मात्र खरंच कोरं आहे."

"तरी घ्या," मी म्हटलं. "कोरं होतं, याचाही पुरावा राहू दे."