गिरजाबाईनं पाय बाहेर काढले

मातीच्या खड्ड्यात, चिखलात घोट्यापर्यंत पाय बुडवत गिरजाबाई गोल गोल फिरत होती, आणि पाच हातांवर खाटेवर बसून तिचा नवरा देवाजी सांगत होता, "हे? हे काई नाई करत, मॅडम. माती तुडवते."

मॅडम म्हणजे स्वाती, कुंभारांची नोंद करायला गडचिरोलीहून आलेली मुलगी. घरातल्या कारागिराचं नाव फॉर्मात भरायचं होतं. ज्याचं नाव त्याला कार्ड आणि विजेवर फिरणारं चाक. तिनं देवाजीचं नाव लिहिलं आणि पान उलटलं.

गिरजाबाईच्या टाचा थांबल्या.

काही नाही करत. बेचाळीस वर्षं. कुरखेड्याजवळच्या या घरात ती लग्न होऊन आली तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी चाक दाखवलं, ते शिवायचं नाही म्हणून. चाक पुरुषाचं, माती बाईची. गोळासुद्धा बाईनं हातात द्यायचा; चाकावर बसलेल्या माणसानं तो आपण होऊन उचलायचा नाही. बोडी, म्हणजे गावचं तळं, आटली की तळातली माती खणायची, डोक्यावर वाहायची, वाळवायची, मोगरीनं फोडायची, चाळायची, भिजत घालायची. मग राख आणि धानाचा कोंडा मिसळून तुडवायची, कडेकडून मध्ये येत, टाचेनं. चाळणीतून निसटलेला खडा डोळ्याला दिसत नाही, टाचेला लागतो. त्यात चुनखडीचा पांढरा खडा सगळ्यात हरामखोर. आव्यात भाजला की त्याचा चुना होतो, पुढं पाणी लागलं की तो फुगतो आणि मडक्याचा टवका उडवतो. तुडवून झालं की पाटावर हातानं तिंबायची, गोळा दोऱ्यानं मधोमध कापून बघायचा, आत हवेचं एक छिद्र दिसलं तरी पुन्हा तिंबायची. दोन्ही पोरी पोटात असताना नवव्या महिन्यापर्यंत तिनं तुडवली होती.

तिनं पाय बाहेर काढले, धुतले आणि घराकडं निघाली.

"काऊन थांबली वं?" देवाजीनं विचारलं.

"मी काई करतच नाई ना. मंग थांबली कशी?"

दुसऱ्या दिवशी ती खड्ड्याकडं फिरकली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. "माती तुडवाले काय अक्कल लागते का?" असं म्हणत देवाजी स्वतःच उतरला. त्याच्या टाचांना भेगा होत्या, म्हणून त्यानं धानाच्या रोवणीचे प्लास्टिकचे बूट चढवले. गिरजाबाईनं दारातून ते बूट पाहिले. एक शब्द पुरला असता. तो तिनं दातांखाली धरून ठेवला आणि तांदूळ निवडत बसली.

मडकी आव्यातून निघाली तेव्हा लालबुंद होती, टिचकी मारली की खणखणत होती. देवाजी दोन दिवस मिशीत हसला. आठवड्यानं टोल्यावरच्या वस्तीतली बुधरी कमरेवर मडकं घेऊन आली.

"देवाजीभाऊ, तुमच्या मडक्याले देवी आल्या जी," ती म्हणाली. "लस टोचून आणू का दवाखान्यातून?"

मडक्याच्या अंगभर खळगे पडले होते. प्रत्येक खळग्याच्या बुडाशी पांढरा ठिपका, आणि तिथून पाणी पाझरत होतं. त्याच आठवड्यात आणखी तीन मडकी परत आली. देवाजीनं लाकडांना शिव्या दिल्या, मग बोडीला. बुटांना दिल्या नाहीत.

पुढच्या सोमवारी स्वाती चाक घेऊन आली. नव्या चाकावर भांडं घडवतानाचा फोटो त्याच दिवशी पाठवायचा होता. कुंपणाशी शेजारी गोळा झाले. स्वतः तुडवलेली माती वापरायची देवाजीची छाती नव्हती. कोपऱ्यात ओल्या पोत्याखाली गिरजाबाईनं पाय बाहेर काढले त्याआधी तिंबून ठेवलेले सहा गोळे होते.

"गिरजे, एक गोळा दे."

तिनं गोळा काढला. पाटावर आदळला, दुमडला, मनगटांनी रेटला, पुन्हा दुमडला. दोऱ्यानं कापला. आत लोण्यासारखा सपाट निघाला. दोन्ही अर्धे जोडून तिनं गोळा मांडीवर घेतला आणि तशीच बसून राहिली.

"आदी माझं नाव लिवा," ती म्हणाली.

"मावशी, एका घरातून एकच नाव घेता येतं," स्वाती म्हणाली. तिच्या आवाजात वाईटपणा नव्हता. "आणि कारागीर म्हणजे चाकावर बसणारा."

"असं? मंग मातीबिगर चाकावर बसून काय करते कारागीर, पुसा याईले."

स्वातीनं देवाजीकडं पाहिलं. फॉर्मात नसेना का, त्यानं एक वाक्य बोलायला हवं होतं, या सगळ्यांदेखत. गिरजाबाई तेवढ्यासाठीच थांबली होती. बेचाळीस वर्षांची सगळी माती तिच्या मांडीवर येऊन बसल्यासारखी झाली होती.

देवाजीनं चाकाच्या बटणाकडं पाहिलं. "दे ना वं," तो पुटपुटला, "लोकं पाहून राह्यले."

गिरजाबाईनं गोळा पोत्याखाली ठेवला, वरून तांब्याभर पाणी ओतलं.

"बाबा, तुम्ही नुसतं चालू करून बसा," स्वाती घड्याळ बघत म्हणाली. "मला चारची बस गाठायचीय."

चाक फिरू लागलं. देवाजीनं सवयीनं दोन्ही हात पाण्यात बुडवले आणि रिकाम्या जागेभोवती धरले. स्वातीनं मोबाईल वर केला.

"पोरी," गिरजाबाई म्हणाली, "काय घडवून राह्यले, ते फोटोखाली लिवजो."