तेल प्यायलेला रस्ता

मुकादमाचं खरं नाव कागदावरच राहिलं होतं. बायकोसुद्धा रंगात आली की त्याला डांबरमामाच म्हणायची. उभा जन्म रस्त्यांवर गेलेला. रस्ता काळाकुळकुळीत दिसला की काम झालं, एवढंच त्याचं गणित.

त्या दिवशी शाळेच्या उतारावरच्या जुन्या, भुरक्या पडलेल्या रस्त्यासाठी जी पिंपं आली, त्यात डांबर नव्हतंच. सोयाबीनच्या तेलापासून केलेलं पातळ औषध होतं. "वाळलेलं डांबर यानं परत मऊ होतं, मामा. एकच हात मारा," असं बजावून इंजिनीअरबाई दुसऱ्या कामावर गेल्या.

फवारा मारला. जेवून येतात तर रस्ता आपला होता तसाच भुरका! डोक्यात तेल जिरावं तसं सगळं गडप.

"इथं मारलं होतं ना रे?" मामानं ड्रायव्हरला विचारलं.

"मारलं की."

"मग गेलं कुठं?"

"मला काय विचारता? मी नाही प्यायलो."

रस्ता झाडणारी बाई म्हणाली, गिरणीच्या पुढं मारलं, इथं नाहीच. मामा बुचकळ्यात पडला. वास घ्यावा तर डांबराचा वास नाही, बघावं तर रंग नाही. शेवटी म्हणाला, "मारा परत."

आता मात्र रस्ता पिईना. पालथ्या घड्यावर पाणी! तेल वरच चकाकत राहिलं आणि मामाचा बूट सर्रकन घसरला. शाळा सुटायची वेळ. याच उतारावरून पोरांना घेऊन स्कूटरी येणार, त्यात नातीला घेऊन मामाची बायकोही.

"दोनदा मारलं?" फोनवर इंजिनीअरबाई ओरडल्या. "वाळू टाका आधी! निसरडं नसेल तरच सोडा कुणाला."

मामानं उताराच्या तोंडाशी आडवा बांबू बांधून रस्ता बंद केला. वाळू टाकली, थांबले, झाडून काढली. रस्ता पुन्हा भुरका. आता जिरलं, की नुसतं दिसत नाही?

"अहो डांबरमामा, काढा तो बांबू!" बायको स्कूटरवरून म्हणाली. मागं रांग लागलेली. "झाला ना रस्ता?"

"झालाय. जरा जास्तच झालाय."

"म्हणजे?"

"तेच तर कळेना."

त्यानं नातीला कडेवर घेतलं आणि सगळ्यांना उतरवून मातीच्या कडेनं गाड्या ढकलायला लावल्या. लोक काय काय बोलले, ते त्यानं ऐकून घेतलं.

"कोरडा तर दिसतोय," बायको धापा टाकत म्हणाली.

मामानं रस्त्यावर टाच घासून पाहिली. घसरली नाही. पुन्हा घासली.

"दिसतोय खरा," तो म्हणाला, आणि मागं जाऊन बांबू आणखी घट्ट बांधला.