राबात जळलेली तार

लहानीला कोणी बिचारी म्हटलं की माझं डोकं फिरतं. ती बिचारी नाही. तिने नवऱ्याच्या मरणाचा सूड घेतला, तोही दिवसाढवळ्या, सगळ्या गावासमोर. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

डोळखांबच्या वरच्या अंगाला आमचं गाव आणि त्याला लागून तिचा पाडा. मोबाइलला रेंज नाही, म्हणून सरकारी फायबरची लाईन आली तेव्हा आम्ही नारळ फोडला. लाईन एकच. पंचायतीतून तिचे फाटे शाळेला, अंगणवाडीला आणि आरोग्य उपकेंद्राला गेलेले. उपकेंद्रातल्या नम्रता सिस्टर वायफायवरून फोन लावायच्या आणि अँब्युलन्स यायची. लहानी तिथेच झाडलोट करायची.

मग एका पावसाळ्यात उपकेंद्राचंच नेट तेवढं बंद पडलं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "वरूनच प्रॉब्लेम हाय." उत्तर देणारा साईनाथ. पंचायतीचा सदस्य, आणि लाईनीची देखभालही त्याच्याकडेच. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी त्याने नुकतंच फार्महाऊस बांधलं होतं.

त्याच पावसाळ्यात लहानीच्या नवऱ्याला, बारकूला, लावणी करताना साप चावला. लोकांनी त्याला उपकेंद्रात आणून बाकावर निजवलं. सापावरची लस तिथे नव्हती आणि अँब्युलन्सला फोन लागेना. रविवार म्हणून पंचायत, शाळा सगळं कुलूपबंद, म्हणून लहानी मोबाइल घेऊन रेंजसाठी टेकडीवर धावली. फोन लावून खाली आली तोवर बारकू गेला होता.

त्याचे दिवस झाल्यावर ती कामावर आली. बाहेर झाडताना तिला उपकेंद्राची तार खांबाजवळ कापलेली दिसली. त्याच खांबावरून एक नवी काळी तार निघाली होती. ती तारेच्या मागोमाग चालत गेली, तर तार थेट साईनाथच्या फार्महाऊसात शिरली होती. आजाऱ्यांचा फाटा त्या हलकटाने पाहुण्यांच्या टीव्हीला जोडला होता.

लहानीने पंचायतीत जाऊन सांगितलं.

"लहाने, तुला काय कळतंय तारंतलं? झाडू मार गपगुमान," साईनाथ म्हणाला, आणि बसलेले सगळे हसले. ती उठून कामावर परत गेली.

पण साईनाथने ती तार लहानीच्या शेताच्या कडेने, वरवर माती ओढून नेली होती. नेमकी तिच्या राबावरून. भाताचं बी पेरायचं, त्या तुकड्यावर आम्ही उन्हाळ्यात शेण आणि पालापाचोळा पसरून जमीन भाजतो, तो राब. दरसाल, त्याच जागी. नांगर सोडून शेठ झालेल्या माणसाला हेही आठवलं नाही.

उन्हाळ्यात लहानीने राब रचला. तारेवर शेण जरा जास्तच थापलं. फार्महाऊस पाहुण्यांनी भरलेलं बघून शनिवारी सकाळी पेटवला, वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग सावकाश खाली मुरत जाते. दुपारी टीव्ही बंद, नेट बंद. पाहुणे भांडून निघून गेले.

साईनाथ संतापाने आंधळा झाला. सरकारी लाईन जाळली म्हणून त्याने तक्रार ठोकली. शहापूरहून इंजिनियर आणि पोलीस पंचनाम्याला आले.

"मीच जाळली, सायेब. लिवा," लहानी म्हणाली. "पन ही सरकारी लाईन जाते कुठं, ते पन लिवा. चला, मी दावते."

ती पुढे, साहेब मागे, त्यांच्या मागे अख्खं गाव. जळक्या टोकापासून निघालेली वरात फार्महाऊसच्या दारात थांबली. इंजिनियरने चोरून ओढलेली तारही पंचनाम्यात लिहिली, आणि साईनाथवरही केस झाली. साईनाथच्या तोंडावर तेव्हा जी अवकळा आली, ती बघून माझा जीव थंड झाला.

संध्याकाळी तो तिच्या झोपडीशी आला.

"वयनी, मी तक्रार मागं घेतो. तुझ्यावरची केस पन जाईल."

"घेऊ नको."

"अगो, तू पन अडकशील!"

"अडकते ना. मला तेच पायजे. तारीख पडंल तवा तुला माझ्या शेजारी बसावं लागंल."

उपकेंद्राची तार जोडली गेली. दोन्ही केसेस चालू आहेत. तारखेला लहानी भाकरी बांधून जीपने शहापूरला जाते. कोर्टाबाहेरच्या बाकावर साईनाथ तिच्याकडे पाठ करून बसतो. मग ती उठते आणि त्याच्या तोंडासमोर येऊन बसते.