फोडलेल्या मशिनीतला बोर्ड

चाळिशी आली तरी कथल्या थोरल्या भावाचा मार खात होता. लहानपणी पट्ट्याचा, मोठेपणी थपडांचा, आणि दादाने गेम पार्लर टाकल्यावर हाताशी येईल त्या वस्तूचा. तिथल्या मशिनी दुरुस्त करणं हे कथल्याचं काम. दिवसभर कथलाचे डाग देऊन तारा जोडतो म्हणून गिऱ्हाइकांनी त्याला हे नाव चिकटवलं. त्याच गिऱ्हाइकांसमोर कानाखाली बसली, तरी तो निमूटपणे पुन्हा मशिनीत डोकं खुपसायचा.

पुढे लोक घरच्या घरीच खेळू लागले आणि पार्लर ओस पडलं. जागा घ्यायला आलेल्या माणसाने मशिनींवर नजर टाकून विचारलं, "हे भंगार कधी उचलताय?"

तो गेल्यावर दादाने शटर अर्धं ओढलं आणि घण उचलला.

एकेक काच फुटत गेली. एका पडद्याची नळी तर स्फोट व्हावा तशी फुटली. दादाच्या गालातून रक्ताची धार लागली, तरी तो थांबेना. शेवटी मारामारीच्या गेमची मशीन उरली. कथल्याचा जीव होता तिच्यावर. त्याने मागचं झाकण उघडलं, डाव्या हाताने गेम ज्यात असतो तो सर्किट बोर्ड ओढला आणि उजव्याने चौकट धरून ठेवली.

"हात काढ."

"दादा, एवढा एक राहू दे. पाया पडतो."

"हात काढ म्हणतोय ना!"

कथल्याने हात काढला नाही. घण खाली आला. दोन बोटांचा चेंदामेंदा झाला. त्या बोटांचं काय झालं हेही न बघता तो बोर्ड छातीशी धरून घरापर्यंत पळत सुटला.

दवाखान्यात बोटं कापावी लागली. "आधी तो बोर्ड चुलीत घालते," असं बायको म्हणाली खरी, पण डाव्या हाताने डाग देताना नवरा स्वतःलाच भाजून घेतोय हे तिला बघवेना. ती पर्स शिवायच्या कारखान्यात होती, हाताला कंप म्हणून नाही.

"सरका तिकडे. कुठे डाग द्यायचा तेवढं सांगा."

घरी खेळायच्या एका बंद पडलेल्या गेम कन्सोलचं खोकं त्यांनी रिकामं केलं, त्याचे कंट्रोलर तेवढे ठेवले. बोर्डाला पाच व्होल्टचा पुरवठा दिला. रंगांच्या तारा एका छोट्या सर्किटमधून घरच्या टीव्हीकडे नेल्या. नाणं पडल्यावर दाबला जायचा त्या स्विचच्या तारा एका बटणावर आणल्या. चित्र आलं, पण निळंहिरवं. लढवय्ये बुडून मेल्यासारखे दिसत होते. "लाल रंगाची तार सुटलीय," कथल्या म्हणाला. तिने डाग दिला आणि पडद्यावरचं रक्त लाल झालं. दोघं लहान पोरांसारखी ओरडली.

दोन दिवसांनी भर दुपारी दादा दार लाथेने उघडून आत आला. गेमचा आवाज त्याला गल्लीतूनच ओळखू आला होता.

"माझा बोर्ड दे."

कथल्याची बायको मधे आली तशी दादाने तिला ढकललं. ती टेबलावर आपटली आणि तिचं मनगट तापलेल्या सोल्डरिंग गनवर पडलं. तिची किंकाळी ऐकली आणि कथल्याचा डावा हात खाली पडलेल्या जडशीळ ट्रान्सफॉर्मरवर गेला. पहिल्याच फटक्यात दादाचा जबडा मोडला. दुसऱ्याला तो गुडघ्यावर आला. मग कथल्याने मोजले नाहीत.

"बास! मरेल तो!" बायको दादाच्या अंगावर आडवी पडली, तेव्हा कुठे कथल्याचा हात वरच्या वर थांबला.

दादा जगला. जबडा तारांनी आवळलेला असताना त्याने पोलिसांना खुणेनेच सांगितलं, जिन्यावरून पडलो. का, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही.

आता नवराबायको लोकांचे असे बोर्ड घरच्या टीव्हीवर चालतील असे करून देतात. डाग ती देते, कुठे द्यायचा ते तो सांगतो. दोघे भाऊ रस्त्यात समोरासमोर आले तर वाट बदलतात. दादाचं तसं कथल्याला आता भय उरलेलं नाही. पण त्या दिवशी बायको मधे आली नसती तर आपण थांबलो नसतो, हे त्याला ठाऊक आहे. ट्रान्सफॉर्मर उचलायची वेळ आली की तो तिलाच हाक मारतो.