भिंगापुढचा हात

आमचे नझीरचाचा दाभोळहून कुवेतला गेले ते बोटीवरचे खलाशी म्हणून, आणि तिथे झाले सिनेमाचे ऑपरेटर. तिथल्या हवल्ली भागात एका क्लबच्या अंगणात ते प्रोजेक्टर चालवायचे. कोकणी, गोवेकर, अरब, सगळे बायकापोरांसह यायचे. म्हणून मॅनेजरने बजावलं होतं, पडद्यावर दोन चेहरे जवळ येऊ लागले की भिंगापुढे हात धरायचा. मुका दिसला तर नोकरी गेली. चाचांचा हात इतका तयार झाला होता की नायक नुसता कानात बोलायला वाकला तरी पडदा काळा!

चौसष्ट साली ताडेउश क्रेम्पा नावाचा पोलिश दिग्दर्शक कुवेतला आला. युरोपात मोठं नाव, बक्षिसं घेऊन घेऊन दमलेला. इथे होड्या बांधणाऱ्यांवर छोटी फिल्म काढत होता. क्लबने त्याच्या मानासाठी त्याचाच एक सिनेमा लावला. युद्धातला वॉर्सा, स्टेशन. आई मुलाला गाडीत बसवते, त्याच्याकडे वाकते, आणि चाचांनी हात धरला. नुसता इंजिनाचा आवाज. हात काढला तेव्हा गाडी निघून गेली होती.

लोकांना त्याचं काही वाटलं नाही. खेळ संपल्यावर क्रेम्पा मशीनपाशी आला. चाचांना वाटलं, आता शिव्या बसणार. पण तो मोडक्या इंग्रजीत शांतपणे बोलला. तो मुलगा म्हणजे तो स्वतः. युद्धानंतर परतला तेव्हा घराच्या जागी विटांचा ढीग होता आणि आई कुठेच नव्हती. पुढे फिल्मच्या शाळेत शिकला, पुष्कळ सिनेमे काढले. सगळे लोकांसाठी, हे एवढं दृश्य मात्र स्वतःसाठी.

"शुक्रवारी पुन्हा खेळ आहे," तो म्हणाला. "मला तिला बघू द्याल?"

दुसऱ्या दिवशी चाचा मॅनेजरकडे गेले. आईने पोराच्या कपाळाचा मुका घेतला तर त्यात कसली आली लाज? पण त्या दगडाने मान वर केली नाही. "मुका तो मुका," म्हणाला. अजून आठवलं की माझं डोकं तापतं. ईदनंतर फखरुन्निसाचाची कुवेतला यायच्या होत्या, सगळी तयारी झाली होती. नोकरी गेली की तेही गेलं.

शुक्रवारी आई वाकली. चाचांचा उजवा हात सवयीने उठला. डाव्या हाताने त्यांनी तो धरून खाली आणला. कपाळावरचा मुका सगळ्या अंगणाने पाहिला. पुढच्या खुर्चीवर क्रेम्पा लहान पोरासारखा रडत होता.

शनिवारी चाचांना काढून टाकलं. क्रेम्पा तोवर विमानात बसला होता. त्याला हे कधी कळलं नाही, आणि कळू नये असंच चाचांना वाटायचं.

चाचा घरी आले, झालेलं सगळं सांगितलं, तेव्हा दाभोळला चाचींची पेटी भरून तयार होती. त्या कितीतरी दिवस चाचांशी धड बोलल्या नाहीत. मग एका दुपारी बांगडे साफ करता करता मान वर न करता विचारलं, "अवो, त्या बाईला तिचा पोर परत दिसला का?"

"नाय. पोर परत आला. ती नव्हती."

चाचींनी हातातला बांगडा साफ करून बाजूला ठेवला.

"मंग बरं केलंत," त्या म्हणाल्या. हात धुतले, पेटी उघडली आणि आतले कपडे काढून दांडीवर टाकायला लागल्या.